वर्ड उघडताच

पहिला तास संपवून अनुपमा स्टाफरूममध्ये आली तेव्हा फोनवर लक्ष्मीकांत सरांचे मिस्ड कॉल साचले होते. तिनं फोन लावला. वर्ड उघडलं की कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू होतो, हा सरळसरळ घातपात आहे आणि तो घरी टायपिंगला येणाऱ्या काजलनं केलाय, असं सरांनी एका दमात सांगितलं. ते पोलिसांत जाऊनही आले होते. ठाणेदारानं आधी कुणा जाणकाराचं मत आणा म्हणून परत पाठवलं होतं.

अनुपमा खामगावच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची आणि सर तिचे शाळेतले मराठीचे शिक्षक. नाही म्हणायची सोय नव्हती. ती दुपारच्या बसनं पिंपळगाव राजाला निघाली. कॉम्प्युटर बिघडला की लोक आधी व्हायरसला धरतात आणि मग शेजाऱ्याला, हा तिचा नेहमीचा अनुभव होता. त्यामुळे तिनं प्रकरण फारसं मनावर घेतलं नव्हतं.

सर दारातच उभे होते. कोणत्या कॉलेजात असतेस, आई कशी आहे, असं विचारत त्यांनी तिला आत नेलं. निवृत्तीनंतरची सगळी वर्षं त्यांनी गावच्या आठवडी बाजारावर एक पुस्तक लिहिण्यात घातली होती. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. जानेवारीत शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात प्रकाशन ठरलं होतं, पाहुणेही सांगून झाले होते. पुस्तक वेळेत झालं नाही तर गावात तोंड दाखवायला जागा नाही, असं ते म्हणाले आणि खरंच घाबरलेले दिसले.

त्यांनी पडद्यावरच्या वर्डच्या चिन्हावर क्लिक केलं. उघडलेल्या खिडक्या एकेक करून मिटल्या, रीस्टार्ट होत असल्याची ओळ आली, ठिपक्यांचं गोल चक्र फिरलं आणि मग पडदा काळा झाला. थोड्या वेळानं यंत्र काही न घडल्यासारखं पुन्हा चालू झालं.

अनुपमानं तेच पुन्हा करायला लावलं. पुन्हा तसंच झालं. इंटरनेट, फोटो, गाणी, बाकी सगळं व्यवस्थित चालत होतं.

"हे कधीपासून, सर?"

"दसऱ्यापासून. दसऱ्याला सोनं वाटून आलो, लिहायला बसलो आणि हे सुरू झालं."

"आदल्या दिवशी?"

"आदल्या दिवशी खंडेनवमी. यंत्राची पूजा होती. आमच्याकडे पूजा झाली की दसऱ्यापर्यंत यंत्राला कुणी हात लावत नाही. काजललाही येऊ नको म्हणून सांगितलं होतं."

"मेकॅनिकला दाखवलं?"

"तो विंडोज नव्यानं टाकतो म्हणाला. शरयूनं टाकू दिलं नाही. पुस्तक पुसलं जाईल अशी भीती तिला."

सरांच्या पत्नी शरयूकाकू चहा घेऊन आल्या होत्या. बँकेत कारकुनी करून निवृत्त झालेल्या, मोजकं बोलणाऱ्या बाई. नवीन कॉम्प्युटर घेऊन देतो असं मुलगा विहंग पुण्याहून म्हणतोय, पण यांना हाच लागतो, एवढं सांगून त्या आत गेल्या. सरांनी चहाचा घोट घेतला आणि अनुपमाला विचारलं, ती कोणत्या कॉलेजात असते. तिनं पुन्हा सांगितलं. म्हाताऱ्या मास्तरांच्या सवयी असतात, असं तिला वाटलं.

मग काजलला बोलावलं. ती एकटी आली नाही, वडील भगवानराव रानातून तसेच चिखलाच्या पायांनी बरोबर आले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहिले. खामगावच्या एका कॉम्प्युटर क्लासनं काजलला कामावर घ्यायचं ठरवलं होतं. यंत्र बिघडवणारी पोरगी अशी बोंब तिथवर गेली आणि त्यांनी बोलणंच थांबवलं. हे भगवानरावांनी तिथूनच सांगितलं.

"पुस्तक तू टाइप केलंस ना?" अनुपमानं विचारलं.

"हाव. पोळ्यापावतर सर तोंडी सांगत आन मी टाइप करत होती. मंग सर म्हणे, आता मीच टाइप करतो."

"राग आला असेल."

"आला थोडासा. पण मॅडम, म्या कायले बिघडवू? पुस्तकात माहीबी मेहनत हाय."

"तुझ्याकडे एखादी प्रत आहे?"

"नाही. सर घराबाहेर एक पान जाऊ देत नव्हते. कोणी चोरून छापीन म्हणत. पोळ्यानंतर तं काकूंनी मले फाइलबी उघडू देली नाही."

अनुपमा पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसली. या वेळी तिनं त्या चिन्हाला हात लावला नाही. खालच्या यादीतून वर्ड शोधलं आणि तिथून उघडलं. कोरं पान समोर आलं. यंत्र बंद झालं नाही. मग तिनं पडद्यावरच्या चिन्हाची माहिती उघडून वाचली, आणि तिचं मन खट्टू झालं. सरांची फाइल तिनं उघडली नाही, दुसऱ्याचं अपुरं लिखाण विचारल्याशिवाय वाचू नये हे तिला सरांनीच शिकवलं होतं.

तिनं सगळ्यांना बसायला सांगितलं. भगवानराव उभेच राहिले.

"यंत्रात बिघाड नाही," ती म्हणाली. "वीज गेली किंवा आतलं काही जळालं तर कॉम्प्युटर झटक्यात मरतो. हा आधी सगळं आवरतो, सांगतो आणि मग बंद होतो. म्हणजे त्याला कुणीतरी तसं करायला सांगितलंय. दुसऱ्या वाटेनं वर्ड उघडलं तर नीट उघडतं. म्हणजे दोष वर्डमध्येही नाही. पडद्यावरचं चिन्ह म्हणजे दुकानावरची नुसती पाटी. इथं पाटी वर्डची ठेवलीय आणि मागचा हुकूम बदललाय. बंद हो आणि पुन्हा चालू हो, एवढाच तो हुकूम आहे. सर रोज त्याच पाटीवरून आत जातात हे माहीत असलेल्या माणसानं हे केलंय."

"काजलला माहीत आहे," सर म्हणाले.

"आहे. पण हुकूम बदलल्याची तारीख तिथं नोंदलेली असते. ती खंडेनवमीची आहे. त्या दिवशी काजलला या घरात यायला मनाई होती आणि सर, तुम्ही पूजा मोडणार नाही. मेकॅनिकनं विंडोज नव्यानं टाकलं असतं तर हा हुकूमही पुसला गेला असता, म्हणून त्याला अडवलं." ती सरांकडे वळली. "पूजा कोण करतं, सर?"

सरांनी बायकोकडे पाहिलं. त्यांना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नव्हतं, पूजा शरयूकाकूच करायच्या.

"मीच केलं," शरयूकाकू म्हणाल्या. "विहंग फोनवर सांगत होता, मी करत गेले. झेंडूची फुलं बाजूला सारून केलं आणि परत वाहिली."

"काऊन केलं पण, काकू?" काजलनं विचारलं. "आन माहं नाव येऊ देलं तुम्ही."

शरयूकाकू उठल्या, खालच्या यादीतून वर्ड उघडलं आणि सरांची फाइल समोर आणली.

पहिल्या पानावर बाजाराचं वर्णन करणारा एक परिच्छेद होता. सुंदर लिहिलेला. त्याखाली तोच परिच्छेद पुन्हा होता आणि त्याखाली पुन्हा. काकू पानं सरकवत राहिल्या, शेवटपर्यंत दुसरं काही आलंच नाही. काजलनं टाइप केलेलं एकही प्रकरण उरलं नव्हतं.

"पोळ्यानंतर हे स्वतः बसायला लागले," काकू सांगू लागल्या. "जुनं पुसायचे, हेच लिहायचे आणि त्यावरच सेव्ह करायचे. पेनड्राइव्हवरही हेच उतरवलं. माझ्या लक्षात आलं तोवर काही राहिलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, विसरणं वाढतच जाणार. पण मी त्यासाठी नाही केलं. हे रोज फाइल उघडायचे आणि पुस्तक गेलेलं त्यांना रोज नव्यानं कळायचं. रोज रडायचे, दुसऱ्या दिवशी विसरायचे आणि परत उघडायचे. मला बघवेना. यंत्र बिघडलं तर नुसते चिडतात, आणि चिडलेला माणूस जेवायला तरी येतो. काजलचं नाव घेतील असं वाटलं नव्हतं. घेतलं तेव्हा मी गप्प बसले. ते माझं पाप."

सर पडद्याजवळ आले. चष्मा वर सारून त्यांनी पहिलं पान वाचलं, मग दुसरं. हे मीच लिहिलं का, असं त्यांनी हळूच विचारलं आणि काकूंनी मान डोलावली. सर वळले, काजलपुढे त्यांनी हात जोडले.

"पोरी, माझी चूक झाली."

भगवानराव भांडायला आले होते. त्यांनी पुढे होऊन सरांचे हात खाली घेतले आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. क्लासवाल्यांना मी स्वतः सांगेन, असं अनुपमानं काजलला म्हटलं. काजल म्हणाली की त्यांनी सोमवारीच दुसरी मुलगी घेतली.

काकू कप उचलून आत गेल्या, विसळून आल्या. सर खिडकीतून रस्त्याकडे पाहत बसले होते. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि कॉम्प्युटरकडे बघून त्यांचा चेहरा एकदम उजळला. वर्ड उघडलेलं होतं.

"चालू झालं का? बरं झालं. काजल, बस तू. माझी बोटं हल्ली चुकतात. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलंय."

काजल बसली. सरांनी डोळे मिटले आणि ते सावकाश, पूर्वी वर्गात सांगत तसे, सांगू लागले.

"आमच्या गावचा बाजार उजाडायच्या आधी भरतो. पहिली येते ती मिरचीवाली."

पडद्यावर वर तेच वाक्य होतं. काजलनं काकूंकडे पाहिलं. काकूंनी लिही अशी खूण केली, आणि ती लिहू लागली.