अंगठ्याने पाडलेलं तोंड

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण माझ्या मावशीला खोटं बोलता येत नाही. बोलली की कान लाल होतात. हे सांगताना झाले नव्हते.

घडलं ते भरदुपारी. तिच्याच घरात, पुढच्या खोलीत.

तिथे मावशी मुलांना मातीचे प्राणी करायला शिकवायची. खरे नाहीत, मनातले. सोंडेचा मासा, पंखांचं कासव, काय वाट्टेल ते. नियम एकच: मुलांच्या कामाला मोठ्यांनी हात लावायचा नाही. एखादी आई मदतीला सरसावली की मावशी फटकारायची, "ताई, प्राणी त्याचा आहे, तुमचा नाही!"

तिची सहा वर्षांची मुलगी चिमीही तिथेच बसायची. जेवणाच्या नावाने बोंब. एकच घास गालात धरून बसायची. पोरगी काडीसारखी होत चालली होती आणि मावशीचा जीव तीळतीळ तुटत होता.

त्या दुपारी चिमीने एक ढेरपोट्या केला. सहा पाय, दोन डोळे...

तोंडच नाही.

"अगं, हा खाणार कशाने?"

"म्हणून तर नाही केलं. आता कुणी त्याच्या मागे लागणार नाही, जेव जेव म्हणून."

बाकीची पोरं खिदळली. मावशीचं टाळकं सटकलं. तिने अंगठा जिभेवर ओला केला आणि त्याच्या डोळ्यांखाली खसकन दाबला.

"हे घे तोंड! आता जेवेल गुपचूप."

चिमी रडली नाही. ढेरपोट्याला उचलून तिने आपल्या जेवायच्या जागेशी ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून चिमीचं ताट लख्ख. मावशी जरा पाठ फिरवायची, की ताट रिकामं. ती हरखली.

"जेवलीस गं बाई माझी!"

"मी नाही. तो जेवला."

मावशी हसली. पण चिमी वाळतच चालली. आणि खोलीत वास सुटला...

नासक्या दुधासारखा. पोरं नाक धरून बसायची. मावशीने फडकी धुतली, मातीची बादली उपसली. वास जाईना.

शेवटी तिने ढेरपोट्याला उचललं. वाळली की माती हलकी होते. हा जड झाला होता.

आणि त्याचे ओठ... ओले होते.

मावशीने तोंडात बोट घातलं. आत कोमट. मऊ. बोटाबरोबर बाहेर आला चावून चावून केलेला भाताचा लगदा. हिरवी बुरशी, लाळेच्या तारा, त्यात वळवळणाऱ्या अळ्या.

शी!

मावशीला भडाभडा उलटी झाली. त्याच तिरमिरीत तिने ओल्या मातीचा गोळा उचलला, त्याच्या तोंडात कोंबला आणि वरून सारवून टाकलं.

मागे खुर्ची पडली.

चिमी जमिनीवर तडफडत होती. तिचे ओठ चिकटले होते. फटीतून, नाकातून करडी माती बाहेर येत होती. मावशी नखांनी ओरबाडत सुटली. माती काढावी तितकी येतच होती...

मग तिला उमगलं. तिने झडप घालून ढेरपोट्याचं तोंड पुन्हा उकरलं.

चिमी खोकली. भळ्ळकन चिखल ओकली. आणि श्वास मोकळा होताच म्हणाली, "आई... आधी त्याला भरव."

वर्ग त्या दिवशीच बंद झाला. आज चिमी कॉलेजात आहे, चांगली चवीने जेवते. तिला यातलं काही आठवत नाही. मावशी आठवू देत नाही. रोज दुपारी चिमी जेवायच्या आत मावशी फडताळ उघडते, आत लपवलेल्या ढेरपोट्याच्या तोंडात स्वतः चावलेला घास अंगठ्याने ढकलते. चावलेलाच लागतो. अख्खा घास तो थुंकतो.

परवा मावशी जिन्यावरून पडली. दवाखान्यात माझा हात घट्ट धरून तिने मला हे सगळं सांगितलं.

"चिमीला कळू देऊ नकोस. तेवढं भरवशील ना?"

मला वाटलं, मावशीच्या डोक्याला मार लागलाय. तरी काल दुपारी तिच्या घरी गेलो, फडताळ उघडलं. घास चावला, डोळे मिटून अंगठा आत घातला.

त्याने लगेच सोडला नाही...

रात्रीपासून साबण लावतोय. अंगठा अजून ओलाच आहे, आणि तोच वास येतोय. आज तिकडे गेलोच नाही.

चिमीचा आत्ताच फोन आला. "दादा, बारा वाजले, जेवायला बसतेय. पण माझे ओठ का चिकटतायत रे?"