हिवरओढ्याची पुरलेली वळणं

सन २०६१. त्या पावसाळ्यात सायराच्या घरात तिसऱ्यांदा पाणी शिरलं आणि तिची मैत्रीण रेवती कोड्यात पडली. वस्तीजवळून जाणारा हिवरओढा पट्टीनं आखल्यासारखा सरळ होता. तळाला काँक्रीट, दोन्ही काठांना काँक्रीट. पाण्याला अडायला जागाच नव्हती. मग पूर यायचा कसा?

तिनं दिगंबर आजोबांना विचारलं. आजोबा पूर्वी नगरपालिकेत जलअभियंता (पाण्याची कामं आखणारे तज्ज्ञ) होते. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

"अडायला जागा नाही, म्हणूनच येतो," ते म्हणाले. "आणि पन्नास वर्षांपूर्वी तो सरळ केला, तो मीच."

रेवतीला हे ठाऊक नव्हतं.

आजोबांनी दोन परातींत वाळू थापली आणि दोन्ही जरा कलत्या ठेवल्या. एकीत त्यांनी प्लॅस्टिकची सरळ पन्हळ बसवली, दुसरीत बोटानं नागमोडी चर काढला. रेवतीनं दोन्हींत एकेक पेला पाणी ओतलं. पन्हळीतलं पाणी क्षणात खाली आदळलं, सगळंच्या सगळं. चरातलं रमतगमत आलं आणि निम्मं वाळूतच जिरलं.

"डोंगरावरचं पाणी एकदम खाली पोचलं की सायराच्या वस्तीत मावत नाही," आजोबा म्हणाले. "वळणं असली की ते सावकाश येतं आणि वाटेत मुरतं. त्याला पुनर्भरण (पाणी मुरून जमिनीखालचा साठा वाढणं) म्हणतात. आपल्या विहिरी मार्चमध्येच आटतात, त्या ते होत नाही म्हणूनच."

"मग वळणं परत आणू या ना."

"कुठे होती ते कोण सांगणार? जुने नकाशे कधीच गहाळ झाले. आणि पुढच्या सोमवारी नगरपालिका भिंती आणखी उंच करायचं ठरवणार आहे."

"तुम्ही लहानपणी तिथे खेळायचात ना?"

आजोबांनी डोळे मिटले. "चिंचेच्या बाजूला वाळू होती. तिथे आम्ही खेकडे धरायचो. समोरचा काठ उभा, खाली डोह. त्या डोहात मी पोहायला शिकलो, म्हणजे आधी बुडायला शिकलो."

रेवतीनं शाळेच्या प्रयोगशाळेतून गोगल्या आणला. या संथ चालणाऱ्या यंत्रमानवाच्या पोटात भूवेधी रडार (जमिनीत लहरी सोडून आतले थर ओळखणारं यंत्र) होतं. आजोबांनी ओढ्यालगतच्या मैदानात डोहाची जागा अंदाजानं दाखवली आणि गोगल्या तिथे दोन दिवस फिरला.

"मीटरभर खाली वाळू आणि गोल गोटे," तो म्हणाला. "तीस मीटर पुढे खोल खड्डा. गाळानं भरलेला."

"वळणाच्या आतल्या बाजूला पाण्याचा वेग कमी, म्हणून ते वाळू टाकतं," आजोबा म्हणाले. "बाहेरच्या बाजूला वेग जास्त, तिथे ते डोह कोरतं. हाच माझा डोह." त्यांनी दाखवलेली जागा फक्त बारा पावलं चुकली होती.

सोमवारी सभेत आजोबा काठी टेकत उभे राहिले. रेवतीनं त्यांचा हात धरला होता. "ओढा सरळ करणं मला तेव्हा योग्य वाटलं," ते म्हणाले. "ती माझी चूक होती. भिंती उंच करू नका. पाण्याला त्याची वाट परत द्या."

नगरपालिकेच्या तरुण अभियंता बाईंनी गोगल्याचा नकाशा पुन्हा पुन्हा पाहिला. अर्धा किलोमीटर काँक्रीट काढून तिथे जुनी वळणं परत खोदून बघायला त्या तयार झाल्या.

उन्हाळ्यात ते काम पुरं झालं आणि पुढच्या जुलैत दोन दिवस मुसळधार पाऊस कोसळला. सायराचा फोन आला तेव्हा रेवतीनं तो पहिल्याच रिंगला उचलला.

"पाणी घराच्या दुसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं," सायरा म्हणाली, "आता उतरतंय. आम्ही भजी खातोय."

रेवतीनं आजोबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिले.

"आजोबा, असे आणखी किती ओढे सरळ केलेत तुम्ही?"

"चार."

"मग उद्या कुठल्या ओढ्यावर जायचं?"

आजोबांनी कोरा कागद पुढे ओढला. "बोरओढ्यावर. तिथे एका मोठ्या धबधब्याखाली वळण होतं. थांब, काढून दाखवतो."