ठोक्याआधी मंदावणारे दिवे

ही गोष्ट घडलेली आहे. ज्याला पटत नसेल त्याने येऊन बघावं. गाडी अजून दारातच उभी आहे.

फक्त डाव्या सीटवर बसू नये.

तो रविवार होता. भर दुपार. ज्याची ही गाडी, तो मेहुण्याच्या गॅरेजमध्ये स्टुलावर बसला होता. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. गाड्यांना साऊंड सिस्टीम बसवून देणं हे त्याचं काम. त्या दिवशी तो ह्याच्याच गाडीत मोठा ॲम्प्लिफायर बसवत होता.

बायकोसाठी.

तिला उजव्या कानाने ऐकू येत नसे. गाडीत ती नवऱ्याच्या डाव्या हाताला बसायची. म्हणजे त्याचं बोलणं नेमकं त्या बंद कानावर पडायचं.

"देवाने कान बघूनच बंद केलाय," ती म्हणायची. "दुसरा गेला असता तर माझी गाणी गेली असती. हा गेला, तर तुमची कटकट गेली!"

म्हणून गाडीतला सगळा आवाज डाव्या दाराच्या स्पीकरकडे वळवलेला. गाणं लागलं की ती डॅशबोर्डवर बोटाने ठेका धरायची. पण कायम घाईत. ठोका पडायच्या जरासा आधी तिचं बोट पडायचं.

"अगं, त्याला वाजवू तरी दे," तो म्हणायचा. तेही तिला ऐकू जायचं नाही.

काम संपत आलं होतं. शेवटचा बोल्ट राहिला होता. तेवढ्यात फोन वाजला. शेजारच्या वहिनींचा.

"लवकर या... त्या पडल्यात ओट्यापाशी... उठतच नाहीत."

मेहुण्याने बोल्ट कसाबसा फिरवला. दोघं त्याच गाडीतून निघाले.

घरी पोचले तेव्हा नळ चालूच होता. बाकी सगळं संपलं होतं.

त्यानंतर किती तरी दिवस गाडी जागची हलली नाही. घर खायला उठायचं. मग लेकीचा फोन आला.

"बाबा, मला न्यायला या. बाळाला घेऊन तुमच्याकडेच राहते थोडे दिवस."

त्याला हायसं वाटलं. संध्याकाळी गाडी बाहेर काढली. सवयीने गाणं लावलं.

आणि दिवे मंदावले...

हेडलाइट, डॅशबोर्ड, सगळेच. परत उजळले. परत मंदावले. भर रस्त्यात एकदा तर पार विझले. समोरच्या ट्रकवाल्याने शिव्या घालत गाडी बाजूला घेतली म्हणून हा वाचला.

तो अर्ध्या वाटेतूनच घरी परतला. फोनवर लेकीला खोटं सांगणं त्याला जमलं नाही.

"आधी गाडी नीट करा बाबा," ती म्हणाली. "तसल्या गाडीत मी बाळाला नाही बसवणार."

मेहुण्याने दुसऱ्याच दिवशी गाडी आत घेतली. बॅटरीची वायर सोडली. ॲम्पच्या मागे हात घातला आणि कपाळावर मारून घेतलं.

"भाऊजी, चूक माझीच. अर्थिंगची वायर रंगावरच आवळलीय मी. आधी रंग खरवडायचा असतो, पत्रा उघडा करायचा असतो, नाहीतर करंट नीट जात नाही. राहूनच गेलं... त्या दिवशी."

त्याने रंग खरवडला. पत्रा चकाकेपर्यंत घासला. जाड वायर टाकली, बोल्ट घट्ट केला, बॅटरी जोडली.

"बॅटरी काढली की सेटिंग उडतं. आवाज आता मधोमध आला असेल. तुम्हाला हवा तसा करून घ्या."

त्याने स्क्रीनकडे पाहिलं. आवाजाची खूण पार डावीकडेच होती...



मेहुण्याने शटर अर्धं ओढलं, म्हणजे भिंतीवर हेडलाइटचा उजेड नीट दिसेल. गाणं लावलं.

उजेड मंदावला.

"छे! असं कसं?" मेहुणा मीटर धरून बसला. थोड्या वेळाने त्याचा आवाज बदलला. "भाऊजी... नीट बघा. ठोका वाजताना ॲम्प करंट ओढतो, म्हणून दिवे मंदावतात. पण हे बघा..."

उजेड मंदावला.

मग ठोका पडला.

परत. आधी उजेड. मागून ठोका.

"वाजायच्या आधीच कसा ओढेल?"

दोघांच्याही मनात एकच बोट आलं. नाव कोणीच घेतलं नाही.

मेहुण्याने उठून ॲम्पची मुख्य वायरच काढली. ॲम्पचा लाल दिवा विझला. स्पीकर गप्प झाले.

"आता हा नुसता डबा आहे. बघू आता."

स्क्रीनवर गाणं पुढे सरकत होतं. आवाज नव्हता. गॅरेजमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

आणि भिंतीवर...

उजेड मंदावला. उजळला. मंदावला. ठेक्यात.

मेहुण्याच्या हातातला पाना खाली पडला.

"सगळं काढून टाकतो," तो पुटपुटला. "पार मुळापासून. लेकराचा विचार करा भाऊजी."

हा ड्रायव्हरच्या सीटवर बसला होता.  तो हळूच म्हणाला, "अगं, लेकीला आणायचंय. बाळ असेल गाडीत. रस्त्यात दिव्यांची गरज पडेल गं."

उजेड मंदावला. उजळला. मंदावला.

काहीच फरक नाही.

मग त्याच्या लक्षात आलं, आपण तिच्या बंद कानाच्या बाजूने बोललो. तिला ऐकू गेलंच नसणार.

"राहू दे," तो मेहुण्याला म्हणाला. "एवढ्यात काही काढू नकोस."

मेहुणा त्याच्याकडे बघतच राहिला. पण ताईचा भाऊ तो. त्याने पाना उचलून पेटीत टाकला.

दिवसाउजेडी, गाणं न लावता, त्याने गाडी घरी आणली. वाटेत डॅशबोर्डचे दिवे ठेका धरत होते. कुठल्या गाण्याचा, ते त्याला कळलं.

त्यालाही ठाऊक आहे काय करायचं ते. गाडीला वळसा घालायचा, डावं दार उघडायचं आणि तिच्या चांगल्या कानाशी तेच वाक्य परत म्हणायचं. ती ऐकेल. लेकीचं कुठलंही काम तिने कधी अडू दिलं नाही.

ऐकेल, आणि जाईल.

लेक रोज विचारते, "बाबा, झाली का गाडी?"

"होईल," तो म्हणतो.

डावं दार त्याने अजून उघडलेलं नाही. लेकीला आणायला तो अजून गेलेला नाही.