सात-दहाची गाडी

“मॅडम, बाजूला व्हा… गाडी येतेय.”

मी वळणावरच्या रुळाला सेन्सर चिकटवत बसले होते. धुक्यातून आवाज आला, मागोमाग खांद्यावर हातोडा टाकलेला तरुण. हा पट्टा रोज पायी तपासणारा ट्रॅकमन.

“आठपर्यंत गाडी नाही,” मी म्हटलं.

“कागदावर नाही.”

डोळे मात्र हसरे होते त्याचे… मी उगाच फणकारून बाजूला झाले.

चाकं रुळाला किती दाबतात, वळणावर बाहेर किती ढकलतात, हे मोजणं माझं काम. सात-दहाला लॅपटॉपवरची सरळ रेघ उसळली. एक, दोन, तीन… सोळा चाकं गेली. रूळ रिकामा होता. धुकंसुद्धा हललं नाही.

“दिसलं?” तो कुजबुजला. “मला तीन वर्षं तळहाताला जाणवतंय. घरी बोललो तर आई म्हणाली, आता लोखंडाशीच संसार कर.”

“मग केलात?”

“लोखंड होकार देईना!”

अंगावर काटा होता, तरी मला हसू फुटलं.

मी वायरी बदलल्या, सेन्सर बदलले. पण रोज तीच वेळ, तेवढाच भार. सहाव्या दिवशी साहेबांचा फोन आला. “ती नोंद पुसा. लोक वेड्यात काढतील आपल्याला.”

“पुसून टाका,” तोही म्हणाला, माझ्याकडे न बघता. “माझ्यापायी नोकरी पणाला लावू नका. मला सवय आहे… एकट्यानं ऐकायची.”

ते ‘एकट्यानं’ काळजात रुतलं. अहवालाला मी सहाही दिवसांचे आलेख जोडले, साक्षीदार म्हणून त्याचं नाव लिहिलं. आठवड्यात माझी उचलबांगडी झाली—गोदामात, जुनी यंत्रं मोजायला. वळणाची फेरतपासणी झाली. रूळ ठणठणीत निघाला.

महिन्यानं रजा काढून मी तिथं गेले. तो रुळाशी उकिडवा बसला होता. वाळला होता.

“यंत्र कुठंय?”

“नाही आणलं.”

“मग… काय मोजायला आलात?”

मी शेजारी बसले, रुळाच्या कडेला तळहात टेकला. गार लोखंड आतून थरथरू लागलं. थरथर वाढली, जवळ आली… आणि आमच्यासमोरच थांबली. समोर काहीच नव्हतं. फक्त खडी करकरली—कुणी दार उघडून वाट बघत उभं असावं तशी.

“कालही थांबली होती,” तो म्हणाला. ओठ पांढरे पडले होते. “मी एक पाऊल पुढे टाकलं होतं.”

“मग?”

“वाटलं… तू आलीस आणि मी नसलो तर?”

मी घट्ट डोळे मिटले. किती वेळ गेला कोण जाणे. हळूहळू रूळ शांत झाला.

“गेली?” मी विचारलं.

“गेली.”

“मग सोड की माझा हात.”

“मी कुठं धरलाय?” तो हळूच हसला. “तूच धरलायस.”