पाटीवरचं पुसलेलं नाव

पितळी पाटीवरचा पांढरा डाग काही केल्या जाईना. शाल्मलीने पाटी फडक्याने पुसली, स्पिरिट लावून पुसली, तरी फोटोत तो हजर. गंमत म्हणजे कॅमेरा डावीकडे नेला की डागही डावीकडे सरके. खराखुरा डाग असा चालतो का कुठे?

"ताई, उजेड वाढवू?" टिपणीसने विचारलं. टिपणीस हा संग्रहालयाचा यंत्रमानव. वस्तूंचे फोटो टिपतो म्हणून हे नाव. त्याच्या कपाळावर कॅमेरा होता आणि त्याला खेटूनच दिवा. उजेड वाढवताच डाग दुप्पट झाला आणि अक्षरं पार दिसेनाशी झाली.

डोंगरावरची ही जुनी वेधशाळा २०५८च्या उन्हाळ्यात संग्रहालय होणार होती. उद्‌घाटन शुक्रवारी होतं आणि त्याआधी प्रत्येक वस्तूचा फोटो सगळ्या शाळांना पाठवायचा होता. बारा वर्षांची शाल्मली सुट्टीत हौसेने त्या कामाला लागली होती. तिच्या समोरच्या पाटीवर तिच्या आजोबांचं, डॉ. श्रीकर मालशे यांचं नाव होतं. पाटी ज्या यंत्रावर होती तो 'मालशे वर्णपटमापक' (प्रकाशातले रंग सुटे करून मोजणारं यंत्र). त्याच यंत्राने सत्तावीस वर्षांपूर्वी एका दूरच्या ग्रहाच्या हवेत पाण्याची वाफ शोधली होती. तिच्या पाठ्यपुस्तकात त्यावर धडाच होता.

दुपारी जेवताना तिने आजोबांना डागाचं कोडं घातलं. आजोबा खुलले.

"भिंतीवर चेंडू सरळ मारलास तर?"

"माझ्याकडेच परत येतो."

"आणि तिरका मारलास तर?"

"तेवढाच तिरका पलीकडे जातो."

"चकचकीत धातूवर प्रकाश तसाच वागतो. ज्या कोनात येतो, त्याच कोनात पलीकडे जातो. याला म्हणतात नियमित परावर्तन. टिपणीसचा दिवा कॅमेऱ्याच्या शेजारी आहे, म्हणून उजेड पाटीवर आपटून थेट कॅमेऱ्यात परत येतो. तुझा डाग म्हणजे पाटीत दिसणारा दिवा!"

"म्हणून तो सरकतो! पण मग या भिंतीत दिवा का दिसत नाही?"

"भिंत खडबडीत आहे. तिच्यावर पडलेला प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतो. हे अनियमित परावर्तन."

शाल्मलीचा घास हातातच राहिला. "म्हणजे दिवा अगदी बाजूला नेला, तर पाटीवरचा उजेड पलीकडे निघून जाईल. कॅमेऱ्याला पाटी काळी दिसेल. पण कोरलेल्या अक्षरांच्या कडा खडबडीत असतात, त्या तेवढ्या चमकतील!"

आजोबांनी ताट बाजूला सारलं. "तसं नको," ते म्हणाले. "कॅमेरा जरा तिरका लाव आणि समोरच्या बाजूला मोठा पांढरा पुठ्ठा धर. उजेड पुठ्ठ्यावर टाक. पाटीत दिव्याऐवजी पुठ्ठा दिसेल, पाटी एकसारखी उजळेल. नाव वाचता आलं की झालं."

तिने तसंच केलं. फोटो सुरेख आला, आजोबांचं नाव ठळक दिसलं. पण बाजूच्या दिव्याचा विचार तिच्या डोक्यातून जाईना. खोलीचे पडदे ओढून तिने कॅमेरा पाटीच्या सरळ समोर लावला आणि हातदिवा पाटीच्या कडेला, जवळजवळ चिकटवून धरला.

पाटी काळीभोर झाली. आजोबांचं नाव तेजाळलं, आणि त्याच्या खाली, केसासारख्या बारीक, तुटक रेघांत दुसरं नाव उमटलं.

"रचना : वैजयंती साटम," टिपणीसने वाचलं. "आधीची अक्षरं घासून काढली आहेत, ताई. पण पुरती गेलेली नाहीत."

घरी आजोबा ओसरीत बसले होते. फोटो पाहून त्यांनी चष्मा काढला.

"मी तुला नको म्हटलं होतं."

"का म्हटलं होतं, ते आता कळलं. कोण या?"

"यंत्र तिने बांधलं," आजोबा म्हणाले. "मी संचालक होतो. यंत्र सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी पाटी घासून घेतली. ती भांडली नाही. राजीनामा टेबलावर ठेवून निघून गेली."

"पण का केलंत असं?"

"लोकांना सांगायचो, संचालकाचंच नाव द्यायची पद्धत आहे. खरं म्हणशील तर मला ते हवं होतं, बस." त्यांनी फोटो तिच्याकडे सरकवला. "शाल्मली, पुठ्ठ्यावाला फोटो चांगला आला आहे. तोच पाठव. हा पुसून टाक."

शाळेत तो धडा तिनेच वर्गापुढे मोठ्याने वाचला होता. ती संग्रहालयात परतली.

जुन्या कर्मचारी-नोंदींतून टिपणीसने पत्ता काढला. वैजयंतीबाई देवरुखला होत्या, साठी ओलांडलेल्या. व्हिडिओ कॉल लागला आणि पडद्यावर त्यांचा चेहरा आला. शाल्मलीने नुसता फोटो दाखवला.

बाई पडद्याजवळ झुकल्या. "दिवा किती अंशांवर धरलास?"

"दहा असेल."

"पाचवर धर. उथळ रेघेला जितका आडवा उजेड, तितकी ती उठून दिसते. साटममधला ट फार पुसट आला आहे."

शाल्मलीने पुन्हा फोटो काढला. ट उठला.

"मी त्यांची नात आहे," ती कशीबशी म्हणाली. "त्यांना माफी मागायला सांगू?"

"ती घेऊन मी काय करू? पाण्याची वाफ सापडली तेव्हा मी बाजारात उभी होते. दुकानातल्या टीव्हीवर बातमी लागली. माझ्या हातात भाजीची पिशवी होती. शेजारच्या बाईंना सांगावंसं वाटलं, हे यंत्र माझं आहे. नाही सांगितलं. कोण खरं मानणार?"

शाल्मलीने हातदिवा विझवला. मग बाई म्हणाल्या, "हात स्थिर आहे तुझा. पुढच्या सुट्टीत ये. भिंग घासायला शिकवीन."

शाल्मलीने दोन्ही फोटो शाळांना पाठवले. खाली दुसरं नाव का पुसलं होतं ते लिहिलं, आणि कुठल्या फोटोत दिवा कुठे होता तेही लिहिलं, म्हणजे ज्याला शंका येईल त्याला स्वतः करून पाहता येईल.

ती घरी आली तेव्हा आजोबा ओसरीतच होते.

"पाठवलास?"

"दोन्ही पाठवले. त्यांच्याशी बोललेही."

आजोबांनी मान वर केली. "काय म्हणाली? माझ्याबद्दल?"

शाल्मलीने चपला काढून नीट कडेला ठेवल्या.

"तुमच्याबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही," ती म्हणाली.