देवराव मास्तरांचे सुटे सूर

मे महिन्यातली सकाळ. प्राजक्ताने बाळापूरहून आणलेली झेंडूची पोती अकोल्याच्या फुलबाजारात उतरवली, एक पोतं ओलं भरलं म्हणून भावाला चार शब्द सुनावले आणि अकराच्या सुमारास ती पियुषच्या स्टुडिओत येऊन बसली. पाच वर्षं ती तिथे राबत होती. आज तिला एका सिनेमाच्या शेवटच्या प्रसंगासाठी आठ व्हायोलिनं वाजवायची होती, तीही एकाही व्हायोलिनला हात न लावता.

हे काम कसं चालतं ते आधी सांगतो. कुणा वादकाकडून एकेक सूर सुटा वाजवून घ्यायचा. हळू, जोरात, गज वर नेताना, गज खाली आणताना. ते तुकडे कॉम्प्युटरमध्ये भरायचे, मग कीबोर्डची पट्टी दाबली की सूर वाजतो. पण नुसता वाजवला तर ते व्हायोलिन वाटत नाही, मोबाइलची रिंगटोन वाटते. म्हणून त्यात माणसाच्या चुका घालाव्या लागतात. एक सूर किंचित उशिरा, दुसरा जरासा उतरलेला, गज फिरतानाची खरखर, वाजवणाऱ्याचा श्वास. चुका जितक्या खऱ्या, तितकं व्हायोलिन खरं.

प्राजक्तापुढचे सुटे सूर देवराव मास्तरांचे होते. अमरावतीत तीस वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवलेला माणूस, आणि प्राजक्ताचा गुरू. दोन वर्षांपूर्वी पियुषने त्यांना ‘नुसती टेस्टिंग हाये’ असं सांगून बोलावलं, तीन दिवस काचेआडच्या खोलीत एकेक सूर घासायला लावला आणि त्यानंतर एकदाही कामाला बोलावलं नाही. कशाला बोलावेल? मास्तर त्याच्या कॉम्प्युटरच्या डब्यात बंद झाले होते. फोनकडे बघत बसलेला तो माणूस मार्चमध्ये गेला. प्राजक्ता मयतीला गेली होती. पियुषला तेवढंही जमलं नाही.

आज आल्या आल्या तिने विषय काढला होता.

“पियुषभाऊ, सिनेमाच्या नावांमंधी मास्तरचं नाव टाका ना. व्हायोलिन वाजवलं म्हणून.”

“मेलेल्या माणसाले नाव कायले पायजे?” पियुष हसला. “तुयं नाव पैल्यांदा येऊन राहिलं ना? मंग चूप बस.”

आणि ती चूप बसली. तिची आग होत होती ती त्यामुळेच. पियुषला चपलेनं मारावंसं वाटत होतं, आणि त्याच्याआधी स्वतःला. मास्तरांनी जिला गज धरायला शिकवला, ती पडद्यावर आपलं नाव दिसावं म्हणून त्यांचं नाव गिळून बसली होती.

दुपारी पियुष जेवायला घरी गेला. बाहेर सडक तापून ओस पडली होती. आत जाड पडदे, आवाज न झिरपणाऱ्या भिंती, भर दुपारी काळोख. कूलरची घरघर कामात येते म्हणून तोही बंद. प्राजक्ताने हेडफोन चढवले आणि रागारागाने चुका भरायला घेतल्या. आठही व्हायोलिनं हळूहळू माणसाळली.

मग तिला नववं ऐकू आलं.

तिने एकेक करून आठही बंद केली. शेवटचं बंद झालं, तरी एक व्हायोलिन वाजतच राहिलं, अगदी कानाशी. खोलीत गजाला लावायच्या राळेचा वास दाटला. तिथे वर्षभरात कुणी खरं व्हायोलिन आणलं नव्हतं. सूर थांबला आणि कुणीतरी श्वास घेतला.

“थांबली कावून वं...?”

मास्तर सूर देतादेता मधेच बोलायचे, तेही रेकॉर्ड झालं असणार, असं तिने स्वतःला समजावलं. पण रेकॉर्डिंगचे ते तीन दिवस ती अंजनगाव सुर्जीला मावशीकडे होती. मास्तरांनी तिच्याशी बोलायला ती इथे नव्हतीच.

“मास्तर...” भीती होती, पण राग त्याच्याही वरचढ होता. “जित्तेपणी त्याले चार शिव्या द्याच्या होत्या ना! आता मले कावून भेववून राहिले? टाकते मी नाव. टाकते...”

“तू टाक...” आवाज अगदी शांत होता. “त्याले मी शिकवतो. एकेक सूर...”

हेडफोन मुका झाला. तिने नावांच्या यादीत ‘व्हायोलिन: देवराव मास्तर’ लिहिलं आणि यादी पियुषला पाठवली. मग फाइल बंद करायला गेली, तर मास्तरांच्या फोल्डरखाली आणखी एक फोल्डर दिसलं. त्यावर पियुषचं नाव. तारीख परवाची, अजून न उगवलेल्या दिवसाची.

आत एकच फाइल होती. तिने ती लावली. कुणीतरी नवखा माणूस व्हायोलिन घासत होता. एकच सूर, बेसूर, पुन्हा, पुन्हा, पुन्हा. गज चुकला की मधे कण्हणं. आणि मग पियुषचा आवाज, रडकुंडीला आलेला. पियुषने आयुष्यात व्हायोलिन हातात धरलं नव्हतं.

“मास्तर, बोटं फाटली... पाया पडतो... सोडा ना आता...”

प्राजक्ताने हेडफोन फेकला आणि फोन लावला. माणूस कसाही असो, सांगायलाच हवं होतं.

“पियुषभाऊ, परवा तुमी स्टुडिओत...”

“ते नाव मी काढलं,” तो जेवता जेवता बोलत होता. “यादी मुंबईले पाठवून बी देली. पुन्यांदा त्या म्हाताऱ्याचं नाव घेतलं तर तुयं बी काढीन. समजलं? आता बोल, परवाचं काय म्हनत होती?”

पलीकडे ताटात वाटी ठेवल्याचा आवाज आला.

“काई नाई, भाऊ,” प्राजक्ता म्हणाली. “सावकाश जेवा.”

फोन ठेवून तिने पडद्याकडे पाहिलं. फाइलची लांबी दोन तासांची होती. मग दोन तास एक मिनिट झाली. तिने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. आकडा वाढतच होता.