मॉरिसची पुढची सीट

"पाडव्यानंतरच्या रविवारी लातूरला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन! सकाळी अकराला सगळ्या गाड्यांची मिरवणूक! आणि आपल्या मॉरिसमध्ये पुढच्या सीटवर, माझ्या शेजारी बसणार..." मार्तंडमामांनी मुद्दाम दम खाल्ला, "आमची इरा!"

"हुर्रे!" मामांची लेक इरा ओरडली. शेजारची सृष्टी, वय नऊ आणि आवाज शाळेच्या घंटेएवढा, तिनं ऑइलचा रिकामा डबा धडाधड बडवला.

अनयनंही टाळ्या वाजवल्या. दोनच.

अहमदपूरचा अनय दर सुट्टीत नांदेडला मामांकडे यायचा. आधी मामा त्याचे होते! विष्णुपुरीच्या धरणावर जायचं, सायकल खोलायची, सगळं मामांबरोबर. या दिवाळीत मात्र मामांच्या तोंडी दोनच शब्द, मॉरिस आणि इरा. इराला स्पार्कप्लग कळतो, इराला पॉलिश जमतं. आणि ती हेडलाइटची रिंग! उजव्या दिव्याभोवतीचं ते चकचकीत कडं आठ महिने कुठे मिळत नव्हतं. शेवटी हैदराबादच्या भंगार बाजारात कमरेएवढ्या ढिगातून इरानं ते ओढून काढलं. ही गोष्ट मामांनी अनयला तीन दिवसांत पाच वेळा सांगितली होती, आणि दर वेळी शेवट एकच: "इराची नजर म्हणजे नजर!"

अनयचा नुसता जळफळाट होत होता. इरा त्याच्याहून एका वर्षानं लहान, तिला साधं पंक्चर काढता येत नाही, आणि म्हणे नजर!

त्या दुपारी गॅरेजमध्ये कुणी नव्हतं. रिंग फळीवरच्या खोक्यात होती, रंग वाळला की शेवटी बसवायची म्हणून ठेवलेली. अनयनं ती उचलली आणि कोपऱ्यातल्या जुन्या गोणीत खुपसली. एक दिवस शोधू दे म्हणावं बाईसाहेबांना! मग आपणच "सापडली!" म्हणून ओरडायचं. मग बघू कुणाची नजर ते!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो रिंग काढायला गेला, तर कोपरा झाडून लख्ख!

"मामी, इथली गोणी कुठंय?"

"दिवाळीची साफसफाई नको का?" विनीतामामी म्हणाल्या. "तुझ्या मामांनी सगळं भंगार बजरंगला देऊन टाकलं. गोणीत काय आहे ते बघितलं असेल तर शपथ!"

अनय त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिला. पण रिंगचं त्यानं कुणालाच सांगितलं नाही. सगळी दिवाळी तशीच गेली. मामींची चकलीसुद्धा त्याला गोड लागली नाही.

शुक्रवारी मामांनी खोकं उघडलं. आत फक्त वर्तमानपत्राचा चुरगळा!

"इरा! रिंग तूच ठेवली होतीस ना?"

"हो बाबा, इथंच!"

"मग गेली कुठं? पाय फुटले तिला? अस्सल जुन्या भागांशिवाय गाडी प्रदर्शनात आतसुद्धा घेणार नाहीत! एवढी एक जबाबदारी दिली होती तुला!"

इरा कधी रडायची नाही. आता तिचे ओठ थरथरले आणि ती आत पळाली. अनयला क्षणभर बरं वाटलं, अगदी खरंच बरं वाटलं. आणि लगेच स्वतःची अशी लाज वाटली, की कान तापले.

"मामा," तो चाचरत म्हणाला, "ती चुकून त्या भंगारात तर गेली नसेल?"

"अरे देवा!" मामांनी कपाळावर हात मारला. "ती गोणी मीच न बघता दिली की!"

पंधरा मिनिटांत अनय, इरा आणि सृष्टी बजरंगकाकांच्या भंगाराच्या दुकानात हजर झाले.

"चकचकीत कडं ना? हाव, होतं की!" बजरंगकाका म्हणाले. "उमरीजवळचा सटवाजी पंपाचा पाइप घ्यायला आलता. त्याला ते कडं लई आवडलं. म्हटलं, ने बाबा, दिवाळी हाय. उद्या मी टेम्पो घेऊन तिकडंच जाऊन राहिलो. चला, घरी विचारून या."

शनिवारी मामांना कॉलेजात परीक्षेचं काम होतं. मामींनी बजरंगकाकांना दहा सूचना दिल्या, मुलांना वीस, आणि टेम्पो निघाला. वाटेत इरा खिडकीकडे तोंड करून बसली होती.

"बाबा माझ्याशी कालपासून नीट बोलले नाहीत," ती एकदाच म्हणाली. अनय आपल्या चपलांकडे बघत राहिला.

सटवाजीआजोबांचं घर शेतातच होतं. डोक्याला पांढरा रुमाल, मिशा झुपकेदार.

"कडं? या, दाखवतो," ते म्हणाले आणि त्यांनी मुलांना थेट देवघरापुढे नेलं.

तिघंही बघतच राहिली! देव्हाऱ्यात खंडोबाचा चांदीचा टाक होता. त्याच्यामागे प्रभावळ म्हणून मॉरिसची रिंग उभी, हळदीनं पिवळीधमक!

"खंडोबाच्या डोक्यामागं हेडलाइट!" सृष्टी किंचाळली. इरानं तिला चिमटा काढला.

"पाडव्याला बसवलं. कसं अगदी मापात हाय बघा!" सटवाजीआजोबा खुशीत म्हणाले.

इरानं सगळी हकीकत सांगितली. गाडी, उद्याचं प्रदर्शन, बाबांची आठ महिन्यांची वणवण. आजोबांचा चेहरा गंभीर झाला.

"देवाचं झालं ते झालं, पोरी. आता मी कसं देऊ?"

"पण ती चुकून भंगारात गेली होती, आजोबा!"

"चुकून?" त्यांनी भंडाऱ्याची वाटी पुढे केली. "आमच्यात रीत हाय. बेलभंडार उचलून जो बोलतो, तो खोटं बोलत न्हाई. हळद हातात घे अन् देवापुढं म्हण, कडं चुकून गेलं. मग मी इचार करतो."

"एवढंच ना? आत्ता घेते!" इरानं वाटीकडे हात नेला. तिला बिचारीला खरंच वाटत होतं, की ते चुकून गेलं.

अनय तिच्या हाताकडे बघत होता. गप्प राहिलं तर रिंग मिळेल, कुणाला काही कळणार नाही. पण इरा देवापुढे खोटी शपथ घेणार होती, ती त्याच्यापायी!

"थांब इरा!" त्यानं तिचा हात धरला. "चुकून नाही गेली. मी लपवली होती गोणीत."

"तू?"

"मला तुझा हेवा वाटत होता! मामा दिवसभर तुझंच कौतुक करतात. पुढची सीट तुला, नजर तुझी, सगळं तुझंच! मला वाटलं, एक दिवस तुझी फजिती व्हावी." त्यानं शर्टाची बाही डोळ्यांवरून फिरवली. "पण भंगारात ती मी नाही दिली. शपथ."

इरानं हात हिसडून सोडवला. "बाबा मला बोलले तेव्हा तू शेजारी उभा होतास! आणि तोंडातून शब्द काढला नाहीस!"

ती पाठ फिरवून उभी राहिली. सृष्टी तिच्याजवळ सरकली.

"खरं बोललास ते झ्याक केलंस," आजोबा शेवटी म्हणाले. "पण लेकरा, देवापासून कडं तोडू कसं?"

अनयनं नाक पुसलं. "तोडू नका, आजोबा. कडं जाईल तिथं देवानंही चलावं. टाक घेऊन तुम्हीच या ना आमच्या गाडीतून! पुढच्या सीटवर बसा. कडं दिव्याला, देव त्याच्यामागं."

"पुढच्या सीटवर?" इरा ताडकन म्हणाली. ती सीट तिची होती! तिनं रिंगकडे बघितलं, टाकाकडे बघितलं आणि मोठा सुस्कारा सोडला. "बरं. पुढच्याच."

"मालकाचं नाव काय म्हणालीस?" आजोबांनी विचारलं.

"मार्तंड."

"म्हंजे खंडोबाचंच नाव की! चला मग, लातूर बघून येऊ!" आणि आजोबा रुमाल झटकून उठलेच.

घरी आल्यावर अनयनं मामांना सगळं सांगितलं.  मामा आधी इराजवळ गेले. "उगाच बोललो तुला. चुकलंच माझं." मग त्यांनी अनयच्या हातात पाना दिला. "चल, रिंग बसवायची आहे."

रविवारी अंधार असतानाच मॉरिस निघाली. पुढे मामा आणि मांडीवर टाक घेतलेले सटवाजीआजोबा, मागे तिघं. मामी मात्र एसटीनं निघाल्या. "तुमच्या त्या डबड्यावर माझा भरवसा नाही!" त्या म्हणाल्या. अहमदपूरला डबडं तापलं, पाणी पिऊन शांत झालं आणि साडेदहाला लातूरच्या मैदानात शिरलं.

"हे दिव्याला पिवळं काय लावलंय?" टाय लावलेले परीक्षक म्हणाले. "पुसा आधी."

"पुसायचं न्हाई!" सटवाजीआजोबा गरजले.

"ती रिंग अस्सल आहे काका," इरा म्हणाली, "हवं तर वाकून खालचा नंबर बघा!" परीक्षक वाकले, चष्मा लावला, आणि उठले तेव्हा त्यांच्याच नाकाला हळद लागली होती! सृष्टी एवढी हसली, की तिला उचकी लागली.

मिरवणुकीत चाळीस गाड्या होत्या, पण लोक फोटो काढत होते ते मॉरिसचेच. काही बायकांनी तर पुढे होऊन हात जोडले! 'प्रेक्षकांची आवडती गाडी' हे बक्षीस मॉरिसलाच मिळालं, आणि मामांनी माईकवर सांगितलं, "रिंग शोधली इरानं. हरवली आम्ही दोघांनी, मी आणि माझ्या भाच्यानं. पण खरं बोलून ती परत आणली त्यानंच. शाबास रे!"

अनयला मान वर करवेना.

"मला पण तुझा राग यायचा," इरा हळूच म्हणाली. "तू आलास, की बाबा रोज जिलबी आणतात. एरवी कधी नाही."

"खरंच?"

"मग! भाचा आला, भाचा आला, नुसतं तेच!"

सटवाजीआजोबा लातूरला लेकीकडे राहणार होते. त्यांनी टाक रुमालात गुंडाळला. "कडं राहू द्या गाडीला. देव फिरून आला, खुश झाला. पुढच्या दसऱ्याच्या आत पितळेची प्रभावळ आणा मात्र! अन् गाडी घेऊनच या."

ते गेले आणि पुढची सीट रिकामी झाली.

"तू बस," अनय म्हणाला.

"नको, तू बस."

"तुझी सीट आहे!"

"अरे, मी म्हणते ना, तू बस!"

"आता यावरून भांडणार आहात का?" मामांनी हॉर्न वाजवला. तोवर पुढचं दार धाडकन लागलं. सृष्टी आत ऐसपैस बसून केस सारखे करत होती.

"चला काका," ती म्हणाली, "यांचं काही आज मिटत नाही!"